‘शुगर किती?’ न विचारणारी ताई : टाइप १ मधुमेह असलेल्या मुलामुलींसाठी ऑनलाइन सोबत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला फोनवर, मेसेजमधून आणि ओपीडीबाहेरच्या बाकावर विचारले गेले आहेत. काही आईवडिलांचे आहेत, काही मुलांचे. कुठला कोणाचा ते वाचताना कळेलच. उत्तरं मी लिहिली आहेत. मला बाराव्या वर्षी टाइप १ झाला, आता पस्तिशी ओलांडली, आणि या उपक्रमात जोड्या जुळवायचं काम माझ्याकडे आहे. (लग्नाच्या नव्हे. हा विनोद दर वेळी होतो, म्हणून आधीच करून टाकला.)

हे नेमकं आहे तरी काय?

टाइप १ असलेला १२ ते १८ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आणि टाइप १ घेऊनच मोठी झालेली विशीच्या आसपासची ताई किंवा दादा, अशी जोडी. आठवड्यातून एखाद-दुसरा व्हिडिओ कॉल, २० ते ३० मिनिटांचा. असे साधारण १० कॉल, दोन-अडीच महिन्यांत.

आराखडा आमच्या डोक्यातून निघालेला नाही. टोरांटोच्या ‘द हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेन’ मध्ये ‘आयपीअर टू पीअर’ नावाचा कार्यक्रम तयार झाला. बालसंधिवात असलेल्या आणि सततच्या दुखण्यासोबत जगणाऱ्या किशोरवयीन मुलांवर तो आधी करून पाहिला गेला. तिथे सोबती १६ ते २५ वर्षांचे होते आणि बोलणं स्काइपवर चालायचं. आम्ही सांगाडा तोच ठेवला, सोबत्याचं किमान वय १८ केलं, आणि स्काइप तर आता बंदच झालं.

टाइप १ म्हणजे लहान मुलांना गोड खाऊन होणारा डायबेटीस ना?

नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या मारून टाकते. गोड, चॉकलेट, आईने गरोदरपणी खाल्लेले आंबे, यांचा काही संबंध नाही. इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, रोज, जन्मभर. आजोबांना असतो तो टाइप २. नाव सारखं असल्यामुळे आमच्या वाट्याला आजोबांचे सल्ले फार येतात: कारल्याचा रस, मेथ्या, पहाटे चालणं.

ताई-दादा डॉक्टर असतात का? डोस सांगतील का?

नसतात आणि सांगणार नाहीत. ‘किती युनिट घेऊ?’ या प्रश्नाला आमच्या प्रत्येक सोबत्याचं एकच उत्तर असतं: तुझ्या डॉक्टरांना विचार.

मग ते करतात काय? डॉक्टरांच्या दहा मिनिटांत जे मावत नाही ते. कॉलेजच्या कँटीनमध्ये इन्सुलिनचं पेन कुठे धरून टोचायचं, शर्ट वर न करता. ग्लुकोजची पुडी जीन्सच्या कुठल्या खिशात ठेवली तर धुण्यात जात नाही. विदर्भातल्या मे महिन्यात लाइट गेली तर इन्सुलिनचं काय करायचं. (आमच्या एका दादाच्या घरी मोठ्या माठात छोटा माठ असतो आणि मध्ये ओली वाळू. आजीने केलेला फ्रिज म्हणतो तो.) मित्रांच्या ट्रेकला जायला बाबांना कसं पटवायचं. आणि ‘तुला हे असं आयुष्यभर?’ असं कोणी विचारलं की चेहरा कसा ठेवायचा. याला अभ्यासक्रम नसतो, हे कोणाकडून तरी ऐकावं लागतं.

आमच्याकडे सगळं नीट चाललंय. शुगरची डायरी रोज लिहितो, आकडे छान आहेत. मग याची गरज काय?

डायरीतले आकडे फारच छान असले की मला जरा काळजी वाटते. का ते सांगते.

मी १४ वर्षांची असताना ओपीडीच्या आदल्या रात्री महिनाभराची डायरी एका बैठकीत लिहायचे. निळं पेन, काळं पेन, मध्येच पेन्सिल, म्हणजे रोजच्या रोज लिहिल्यासारखं दिसावं. १२८, १४१, ११६. एखादा १९० मुद्दाम टाकायचा, नाहीतर संशय येतो. डॉक्टरांनी शुगर तपासायचं मशिन मागितलं की ते ‘घरी राहिलं’. एकदा आईने ते मोठ्या हौसेने पर्समधून काढून दिलं. डॉक्टरांनी मेमरीचं बटण दाबलं. महिन्याभरात आकडे होते चार, त्यातला एक ३८७. डॉक्टर रागावले नाहीत. आईही काही बोलली नाही. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, ते घर येईपर्यंत.

मुलं खोटं का लिहितात? आळसाने नाही, तीन पेनं वापरून डायरी रचणं हे खरं लिहिण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे. ती खोटं लिहितात कारण घरात आकडा प्रगतिपुस्तकासारखा वाचला जातो. २८० दिसला की पहिला प्रश्न ‘काय खाल्लंस?’ आणि खूपदा काहीच खाल्लेलं नसतं. वयात येताना शरीरात जे हार्मोन्स वाढतात त्यांच्यामुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. तीच पोळी, तोच डोस, पण आकडा भलताच. मुलींना पाळीच्या आधीचे दिवस आणखी वेगळे. सर्दी-ताप, परीक्षेचा ताण, न झालेली झोप, सगळं त्या आकड्यात येऊन बसतं. पण घरातल्यांना दिसतो तो फक्त बेसनाचा लाडू, जो कदाचित खाल्लेलाही नाही.

म्हणून आमचा पहिला नियम असा की सोबत्याने ‘शुगर किती?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. घरी, शाळेत, शेजारी, लग्नात सगळे तेच विचारतात. एका माणसाने विचारलं नाही तर मूल कधीतरी आपण होऊनच सांगतं, बहुधा तिसऱ्या-चौथ्या कॉलला, तेही जाता जाता: ‘ताई, काल चारशे होती, मी कोणाला सांगितलं नाही.’ त्यावर ताई म्हणते, ‘माझी परवा ३४० होती. मग तू काय केलंस?’ इतकंच.

मुलगी म्हणते, कोणालाच कळता कामा नये. नातेवाइकांनाही आम्ही सांगितलेलं नाही. मग अनोळखी माणसापुढे कशाला?

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये ज्याला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं तो लेनर्ड थॉम्पसन तेरा-चौदा वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज तिथे आली. पंधरा पूर्ण होत होती आणि वजन होतं जेमतेम २० किलो, कारण इन्सुलिन येईपर्यंत उपाय एकच होता, उपाशी ठेवणं. ती वाचली. शिकली, लग्न केलं, तीन मुलं झाली, १९८१ पर्यंत जगली. आणि जवळजवळ सगळं आयुष्य तिने हा आजार लपवला. इन्सुलिनच्या इतिहासातली इतकी प्रसिद्ध मुलगी आणि तिला ते नाव नको होतं.

तिची गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगते. ‘बघ, लपवू नये’ असं म्हणायला नाही. लपवूनही माणूस ५०-६० वर्षं जगू शकतो, हे खरंच आहे. पण त्या सगळ्या वर्षांत ती लग्नाच्या पंगतीत, प्रवासात, पाहुण्यांकडे काय काय करत असेल याचा मुली विचार करतात. आणि मग स्वतःच बोलायला लागतात की बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घेते, सुई पॅडच्या पिशवीत लपवते, आत्या आली की शुगर तपासतच नाही.

आपल्याकडे मुलींच्या बाबतीत लपवण्यामागे एकच भीती असते आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे: पुढे स्थळं येतील तेव्हा काय. तेरा वर्षांच्या मुलीसमोर हे बोलू नका, एवढंच मी हात जोडून सांगेन. नातेवाइकांना सांगायचं की नाही ते तुमचं घर ठरवेल. आमची ताई तुमच्या नात्यातली नाही, गावातली नाही, तिला तुमचं आडनावही सांगितलं जात नाही. गुपित सांगायला याहून बरी जागा कोणती?

मला जास्त बोलता येत नाही. अर्धा तास काय बोलणार?

काही नाही बोललास तरी चालेल. एका मुलाने पहिले दोन कॉल फक्त ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यावर काढले. तिसऱ्या कॉलला दादाच्या दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर दिसला आणि त्याने विचारलं, ‘हा कबड्डीत निघत नाही का?’ दादा म्हणाला, ‘निघतो की! एकदा तर समोरच्या टीमच्या पकडपट्टूच्या हातात राहिला.’ त्यानंतर त्यांचे कॉल तीस मिनिटांत संपवणं हीच माझी डोकेदुखी झाली. (टोरांटोच्या अभ्यासातही कॉल ठरल्यापेक्षा बरेच लांबले होते, असं वाचून मला हायसं वाटलं.)

आजारावरच बोलायला हवं असंही नाही. क्रिकेट, मेकअप, दहावीचा बीजगणिताचा पेपर, काहीही.

मी सांगितलेलं आईला कळणार का?

आईला दोनच गोष्टी कळतात: कॉल झाला आणि किती वेळ झाला. काय बोललात ते नाही. आम्ही कॉल रेकॉर्ड करत नाही.

पण तीन गोष्टी ताई पोटात ठेवणार नाही, आणि हे ती पहिल्याच कॉलला तुला सांगेल, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. एक, जीव नकोसा झालाय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय असं तू म्हणालीस तर. दोन, तू इन्सुलिन मुद्दाम बंद किंवा कमी केलं असशील तर. बारीक व्हायला इन्सुलिन चुकवणाऱ्या मुली आम्हाला भेटल्या आहेत. वजन खरंच उतरतं, पण रक्तात कीटोन्स नावाची आम्लं साठतात, उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत आयसीयू. यात गुपित पाळणं म्हणजे मैत्री नाही. तीन, कोणी तुझ्याशी अंगचटीला येत असेल, त्रास देत असेल तर. १८ वर्षांखालच्या मुलांबाबत अशी गोष्ट कळली की ती कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे.

अशा वेळी ताई आधी तुला सांगेल, मग मला, आणि मग आपण मिळून ठरवू की आईला कसं सांगायचं. आणि रात्री-अपरात्री मन फारच बिघडलं तर कॉलच्या दिवसाची वाट बघू नकोस. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

आमचं घर एका खोलीचं आहे. बोलायला जागाच नाही.

बहुतेकांची हीच अडचण आहे. टोरांटोच्या आराखड्यात ‘स्वतःच्या खोलीतून’ असं गृहीत धरलेलं असतं. इथे स्वतःची खोली असलेली मुलं मोजकीच. आमचे कॉल गच्चीतून होतात, जिन्यातून होतात, आजोबांच्या बंद पडलेल्या रिक्षात बसून होतात. इअरफोन लावायचा. आसपास कोणी आलं की ‘पेपर’ हा शब्द म्हणायचा, ताई लगेच अभ्यासाचं बोलायला लागते. बोलणं जमतच नसेल तर त्या दिवशी फक्त टाइप करा.

आईवडिलांना विनंती: तो अर्धा तास शेजारी जाऊन या. दाराआड उभं राहू नका. मुलांना सावली दिसते.

फोन आईचाच आहे आणि रेंजही नीट येत नाही.

चालतं. व्हिडिओ बंद ठेवून नुसता आवाज, तोही तुटला तर साधा फोन, पण आमच्या कार्यालयातून जोडून दिलेला. ताईचा नंबर मुलाला किंवा मुलाचा ताईला मिळत नाही.

मुलगी एखाद्या अनोळखी मुलाशी ऑनलाइन बोलणार. आम्ही कसं पाठवायचं?

हा प्रश्न विचारला नाही तर मीच विचारायला लावते.

मुलींना ताई, मुलांना दादा, हा साधा नियम. प्रत्येक सोबत्याची ओळखपत्रं आणि दोन ओळखीच्या माणसांची खात्री घेतलेली असते, शिवाय ज्या डॉक्टरांकडे त्यांचे उपचार चालू आहेत त्यांच्याशी मी स्वतः बोललेली असते. कॉल फक्त आमच्या लिंकवरून, ठरलेल्या वेळी, सकाळी ८ ते रात्री ८ मध्येच. मी कोणत्याही कॉलमध्ये न सांगता येऊ शकते. हे दोघांनाही माहीत असतं. फोटो मागणं नाही, पैसे नाहीत, भेटवस्तू नाही, परस्पर भेटणं तर अजिबात नाही. सोबत्याने इन्स्टाग्रामवर फॉलो केलं तरी मला कळवा. हे सगळं जाचक वाटतं, दोन चांगले सोबती यामुळे सोडूनही गेले. तरी नियम बदललेले नाहीत.

तुमची लेखी संमती लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलं आहे आणि त्याची माहिती ठेवायची तर पालकांची खात्रीशीर संमती हवी. मुलाची संमती आम्ही वेगळी विचारतो, तुम्ही खोलीत नसताना. तुम्ही ‘हो’ आणि मूल ‘नको’ म्हणालं तर उत्तर ‘नको’.

शाळेत कोणी समजून घेत नाही. यात सोबती काय करणार?

शाळेशी भांडणार नाही, पण तुला भांडायची रीत शिकवेल.

मला सातवीत बाईंनी तासाला तीन वेळा लघवीला जाऊ दिलं नाही. शुगर वाढलेली असताना शरीर ती लघवीवाटेच बाहेर काढतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. पुढे काय झालं ते लिहीत नाही. आज असं काही घडलं तर आमची ताई मुलीबरोबर बसून पाच ओळींचं पत्र तयार करते: मला काय आहे, शुगर कमी झाली की मी कशी दिसते (घाम, थरथर, चिडचिड, कधी वेड्यासारखं हसणं), तेव्हा काय द्यायचं, मला एकटीला आजारी मुलांच्या खोलीत का पाठवू नये आणि कोणाला फोन करायचा. पत्र मुलगीच मोठ्याने वाचून दाखवते, दोन-तीनदा. मग आईबरोबर जाऊन मुख्याध्यापकांना देते. पत्राने बाई बदलतातच असं नाही, पण वाचून दाखवल्याने मुलगी नक्की बदलते.

परीक्षेचं सांगायचं तर, सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या पेपरला साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी असं सोबत नेण्याची परवानगी दिली. तुझं बोर्ड दुसरं असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून अर्ज परीक्षेच्या महिनाभर आधी द्या. आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन वाद घालू नका. आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, टाइप १ मधुमेह नाही. त्यामुळे त्या मुलांना मिळणाऱ्या काही सवलती आपल्याला आपोआप मिळत नाहीत. हे योग्य आहे का, यावर आमच्या दादा लोकांची दोन तट पडून भांडणं होतात, आणि मी मध्ये पडत नाही.

गणपतीत मोदक खायचा की नाही?

खायचा. किती आणि त्यासाठी इन्सुलिन किती, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांशी आधी ठरवून. उकडीच्या मोदकात तांदूळ आणि गूळ दोन्ही आहेत, आणि गूळ ‘नैसर्गिक’ असला तरी शुगर वाढवतोच. आमच्या एका ताईचं तंत्र असं की आरतीआधी तपासायचं, पानात सगळं वाढून झाल्यावरच टोचायचं, कारण आपल्याकडे आरत्या किती वेळ चालतील याचा भरवसा नाही. आधी टोचलं आणि ‘घालीन लोटांगण’नंतर काकांनी आणखी तीन आरत्या काढल्या तर मोदक समोर असताना शुगर लो होते!

उपासाचंही विचारतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपासाच्या नावाखाली शुगर सगळ्यात जास्त चढते ती खिचडीने. देवाला चालतं की नाही हे मला ठरवता येत नाही, मशिनला चालत नाही.

यामुळे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) कमी होईल का?

झाला तर आनंद आहे, आम्ही कबूल मात्र करत नाही.

टोरांटोचा बालसंधिवाताचा पहिला अभ्यास लहानच होता, एकूण ३० मुलं, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉल झालेल्या मुलांना आपला आजार आपण सांभाळू शकतो असं जास्त वाटू लागलं, हे त्यात दिसलं. त्यात कोणाचा संधिवात बरा झाला नाही. सोबतीकडून इतकीच अपेक्षा धरावी. तीन महिन्यांची सरासरी साखर दहा फोनने उतरेल अशी आशा लावून मुलाला पाठवलंत, तर मूल तेही प्रगतिपुस्तकच समजेल, आणि मग ताईशीही खोटं बोलायला लागेल. मग आमचा सगळा खटाटोप पाण्यात.

उलट एक होतं, ते आधीच सांगून ठेवते: सुरुवातीला डायरीतले आकडे बिघडल्यासारखे दिसतात. ते बिघडलेले नसतात. खरे लिहायला लागलेले असतात.

एका वैद्यांनी सहा महिन्यांत इन्सुलिन सोडवून देतो म्हटलंय. तुमच्या मुलांनी करून पाहिलंय का?

टाइप १ मध्ये इन्सुलिन सोडलं तर मूल दगावू शकतं. निदानानंतर काही महिने इन्सुलिनची गरज खूप कमी होण्याचा एक काळ बऱ्याच मुलांना येतो. तेव्हाच ही औषधं ‘लागू पडतात’. तो काळ संपतो. आमचा कुठलाही सोबती याबाबत ‘बघा करून’ म्हणणार नाही. म्हणाला तर त्याच दिवशी काढून टाकू.

आम्ही लंडनला असतो. मुलाला मराठीतून बोलायला मिळेल का?

मिळेल, वेळेचं गणित जमलं तर. तुमच्याकडची दुपार म्हणजे इथली संध्याकाळ, शनिवार-रविवारी जुळतं. तिकडची मुलं मिलिमोलमध्ये आकडा सांगतात, इकडची मिलिग्रॅममध्ये. ५.५ ला १८ ने गुणा, ९९ येतील. पहिल्या कॉलला एका दादाने ‘आठ’ ऐकलं आणि घाबरून मला फोन लावला होता. आठ म्हणजे १४४, उत्तम.

एक महत्त्वाचं. सुट्टीत भारतात आलात आणि सिरिंज इथे विकत घेतलीत तर तीनदा बघा. तुमचं इन्सुलिन शंभराचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. इथल्या बाटल्या खूपदा चाळिसाच्या असतात, आणि त्यांच्या सिरिंजला लाल टोपण असतं. शंभराचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलंत तर पोटात २५ युनिट जातील. पेन वापरत असाल तर पेनच आणा आणि सुया भरपूर आणा.

ताईशी जमलंच नाही तर?

बदलून देतो. कारण विचारत नाही. ‘ती फार उत्साही आहे’ हेही पुरेसं कारण आहे.

मी १९ वर्षांचा आहे, टाइप १ ला आठ वर्षं झाली. पण माझा स्वतःचा एचबीए१सी ८.४ आहे. दादा होता येईल का?

८.४ लिहून पाठवलास म्हणजे अर्धी निवड झाली. आम्हाला आदर्श विद्यार्थी नको आहेत. ज्याची शुगर कधी बिघडतच नाही असा दादा बघून मूल आणखी खचतं. उपचार नियमित असावेत, डॉक्टरांकडे जाणं चालू असावं, आणि गेल्या वर्षभरात स्वतःच खोल गाळात गेलेला नसावास.

प्रशिक्षण तीन रविवारचं. त्यात सगळ्यात अवघड धडा गप्प बसण्याचा असतो. मूल म्हणतं, ‘मला कंटाळा आलाय टोचून घ्यायचा.’ नवा दादा लगेच म्हणतो, ‘अरे, सवय होते, सोल्जर आहेस तू.’ हे वाक्य आमच्याकडे कापून टाकलेलं आहे. म्हणायचं, ‘हो ना, येतो कंटाळा.’ आणि थांबायचं. त्या थांबण्यात काय येईल ते येऊ द्यायचं. रोज चार वेळा म्हटलं तरी वर्षाला १४६० सुया होतात. ज्याला कंटाळा येत नाही त्याचंच काहीतरी बिनसलं असेल.

दुसरं, स्वतःची गोष्ट किती सांगायची. मुलाचा प्रश्न जेवढा मोठा तेवढंच उत्तर. आपल्या डीकेएची (कीटोन्स साठून जिवावर बेतण्याची), आयसीयूची रंगवून हकीकत सांगायची नाही. आणि कॉलनंतर तुलाच जड वाटलं तर मला फोन करायचा. दर पंधरवड्याला सगळे सोबती एकत्र भेटतात, ऑनलाइनच. तिथे फारसं काम होत नाही, पण त्याशिवाय कोणी टिकतही नाही.

पैसे किती?

नाहीत. सोबत्यांना डेटा पॅकचे देतो.

दहा कॉल संपले की पुढे?

नववा कॉल निरोपाचा ठेवतो आणि दहावा रिकामा, कारण निरोपाच्या कॉलला कोणीच खरं काही बोलत नाही. त्यानंतर मोठ्यांच्या देखरेखीखालचा एक सामायिक गट असतो, हवा तर. काही मुलं त्यात येतात, काही गायब होतात आणि तीन वर्षांनी ‘मला ताई व्हायचंय’ असा मेसेज करतात. गायब होणाऱ्यांच्या मागे आम्ही लागत नाही.

रात्रीचे दोन वाजलेत, शुगर ५२ आली आहे, हात थरथरतायत. ताईला मेसेज करू का?

नाही. आधी साखर. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून पी. चॉकलेट नको, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर रक्तात उशिरा जाते. आईला उठव, तिची झोपमोड झाली तर होऊ दे. १५ मिनिटांनी पुन्हा तपास. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी खा आणि मगच झोप.

घरच्यांसाठी: मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (साखर झटकन वर आणणारं औषध) घरात असेल तर द्या, आणि १०८ ला फोन लावा.

ताईला रविवारी सांग. ती विचारेल, ‘साखर डब्यातली खाल्लीस की ग्लुकोज शोधत बसलीस?’ कारण तिनेही एकदा अंधारात ग्लुकोज समजून रांगोळी तोंडात घातली आहे.